अहमदपूरला उघडलेली डबी

किडनीतून सुईने काढलेला तुकडा शेवईएवढा असतो. बोटाच्या पेराएवढा लांब, ओला, फिकट गुलाबी. नांदेडच्या ज्या छोट्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ म्हणून काम करते, तिथे असे तुकडे येत असतात. परभणीहून येतात, हिंगोलीहून, बिलोलीकडून, आणि सगळ्यात जास्त लातूरहून. पूर्वी ते हैदराबादला नाहीतर मुंबईला जायचे आणि रिपोर्टची वाट बघता बघता पेशंटचं अंग आणखी सुजायचं. आता ते काम आमच्याकडेच होतं, आणि याचा मला भारी अभिमान आहे. माझं शिक्षण लोह्याचं, विहाराला लागून असलेल्या शाळेतलं. मायक्रोस्कोप मी पहिल्यांदा पाहिला तो कपाटाच्या काचेआडून, कारण आमच्या सरांना तो पोरं फोडतील अशी भीती होती.

एका पेशंटचे दोन तुकडे दोन वेगळ्या डब्यांत येतात. पहिल्या डबीत फॉर्मलिन असतं, नाकात जाणारं, डोळे चुरचुरवणारं. त्यातला तुकडा टणक होतो, टिकतो, आणि नेहमीच्या रंगांनी रंगवून बघता येतो. दुसऱ्या डबीत असतं पाण्यासारखं दिसणारं, वास नसलेलं एक खारट द्रावण. त्यातल्या तुकड्याला अंगातून काढला तेव्हा होता तसाच जपायचं असतं, कारण त्याच्यावर माझी तपासणी होते. तिला इम्युनोफ्लुरोसन्स म्हणतात. नाव जिभेला जड आहे, पण काम कुणालाही सांगता येईल असं आहे. काही आजारांत किडनीच्या गाळणीत आपल्याच शरीरातली प्रथिनं जाऊन अडकतात. कोणतं प्रथिन अडकलं यावरून आजार ओळखता येतो. मी तुकडा गोठवते, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढते आणि एकेका कापावर एकेका प्रथिनाला ओळखणारा थेंब टाकते. त्या थेंबात चमकणारा रंग असतो. प्रथिन तिथे असेल तर थेंब त्याला चिकटतो, नसेल तर धुऊन जातो. मग अंधाऱ्या खोलीत निळ्या उजेडाखाली काच ठेवायची. जिथे काही अडकलंय तिथे हिरवं पेटतं, बाकी सगळं काळं राहतं.

या दुसऱ्या डबीत फॉर्मलिन पडलं की माझं काम बिघडलं. प्रथिनं जखडून बसतात, थेंबाला ती ओळखू येत नाहीत आणि काच नुसती काळी दिसते. गाळणी स्वच्छ आहे म्हणून काळी, की तुकडा नासलाय म्हणून काळी, हे मग सांगता येत नाही.

त्या दिवशी सकाळी साडेअकराला एक गृहस्थ खिडकीशी आले. कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेला बर्फाचा डबा. लातूरचे तेलाचे व्यापारी. करडईचं आणि शेंगदाण्याचं, लाकडी घाण्याचं तेल विकणारे. डब्यात त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलीचे दोन तुकडे होते.

मुलीबद्दल मला आधीच माहीत होतं, कारण लातूरच्या किडनीच्या डॉक्टरांचा सकाळी फोन येऊन गेला होता. थोड्याच दिवसांत तिचं अंग सुजलं होतं, लघवी काळ्या चहासारखी होत होती आणि रक्तातलं क्रिएटिनिन रोज चढत होतं. डॉक्टरांसमोर दोन आजार होते. एक ल्युपस, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं तो. त्याला ताबडतोब जबरी औषधं लागतात, आणि डॉक्टर जे सुरू करणार होते त्याने पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. दुसरा, जंतूचा संसर्ग होऊन गेल्यावर मागून येणारा आजार. तो नीट सांभाळलं तर बहुतेकदा आपला आपण ओसरतो. मुलीचे सांधे ल्युपसमध्ये दुखतात तसे दुखत होते, आणि रक्ताची तपासणी धड हो म्हणत नव्हती, धड नाही म्हणत नव्हती. नेहमीच्या रंगांत हे दोन्ही आजार पुष्कळदा सारखेच दिसतात.

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो," डॉक्टर म्हणाले होते. "त्याच्यापुढे थांबता येणार नाही. काही कळलं नाही तर ल्युपस धरून औषध सुरू करतो." पुन्हा सुई घालायचा प्रश्नच नव्हता. आदल्या दुपारच्या सुईनंतर मुलीच्या लघवीतून बरंच रक्त गेलं होतं.

मी डबा घेतला, सही घेतली आणि दुसरी डबी उचलून आत वळले. मागून आवाज आला.

"ताई, एक सांगायचं व्हतं. ह्यातली एक डबी निस्ती पाण्याची व्हती."

"ती तशीच असते, भाऊ," मी म्हटलं.

"तशी कशी आसंल? औषधाचा वास एकीलाच. शिस्टर घाईत व्हत्या, घालायचं इसरल्या असतील. अहमदपूरला गाडी थांबली तवा म्या झाकण उघडून बघितलं, आन् निम्मं निम्मं वाटून टाकलं. आता दोन्ही सारख्या हायत. एक थेंब इकडं तिकडं न्हाई बघा, आपला धंदाच मापाचा हाय."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर केवढं समाधान होतं! तेलाचे डबे गाडीत गळतात म्हणून प्रत्येक मोठ्या थांब्यावर झाकण बघायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय. झाकण बघितलं, वास घेतला, एका डबीला औषध आहे आणि दुसरीला नाही असं दिसलं. दुसऱ्या कुणी खांदे उडवले असते. हा मापाचा माणूस. पोरीच्या एका तुकड्याला मिळावं आणि दुसऱ्याला मिळू नये, हे त्यांना बघवलं नाही.

पण हे सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी माझं डोकं फिरलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं उघडायला?" मी ओरडले. "तुमच्या पोरीच्या किडनीचा तुकडा आहे तो, करडईचं तेल नाही! डॉक्टर येडे, सिस्टर येड्या, आणि शहाणे तेवढे तुम्ही? अहो, वाटोळं केलंत तुम्ही तपासणीचं!"

साखर तपासायला आलेली एक बाई बाकावरून उठून उभी राहिली. शेजारच्या एक्स-रेवाल्यांनी दार उघडून बघितलं. त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावरचं समाधान ओसरत गेलं आणि त्यांनी एवढंच विचारलं, "मंजी पोरीला परत सुई?"

"परत सुई घालता येत नाही, म्हणून तर ओरडतेय ना!"

ते मागे सरकत बाकावर बसले.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत आणि त्यांचा आवाज कधी चढत नाही. याचाही मला राग येतो. त्या बाहेर आल्या, डबी उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "झालं ओरडून? ओरडून फॉर्मलिन निघत असतं तर मीही दोन आरोळ्या ठोकल्या असत्या. कधी ओतलं ते विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. ज्याच्यावर आत्ताच तोंडसुख घेतलं त्याच्याचकडे जाऊन काही विचारायचं म्हणजे पाय जड होतात. मी गेले. गाडी अहमदपूरला किती वाजता लागली, किती वेळ थांबली, ओतलं ते चहाच्या आधी की नंतर, हे सगळं त्यांनी मान खाली घालून पण बिनचूक सांगितलं. मी हिशेब केला. दोन तासही झाले नव्हते, आणि फॉर्मलिनही निम्म्या ताकदीचं.

"मग धुवा," मॅडम म्हणाल्या. "एरवी अर्धा तास धुता, आज चार तास धुवा. दर पंधरा मिनिटांनी पाणी बदला. पुढचं पुढे बघू."

मी धुवायला बसले. शेवईएवढा तुकडा, लहानशी वाटी, खारं पाणी. पाणी ओतायचं, हलवायचं, काढायचं, नवं ओतायचं. दाराच्या काचेतून मला बाकावरचे ते गृहस्थ दिसत होते. कुणीतरी त्यांना चहा आणून दिला, तो तसाच निवून गेला. बरोबर आणलेली भाकरी तरी खा म्हणून मी सांगायला गेले तर म्हणाले, "न्हाई ताई, गिळंना." मग थोड्या वेळाने स्वतःच उठून दाराशी आले.

"ताई, तुमी काय करायल्यात आता?"

"धुवायलेय."

"निघंल का?"

"माहीत नाही."

"आमचं तेल ऊन पाण्याबिगर निघत न्हाई."

"इथं ऊन पाणी नाही चालत," मी म्हटलं. या वेळी हळू आवाजात.

धुता धुता माझी नजर बर्फाच्या डब्याच्या झाकणावर गेली. त्याच्या आतल्या बाजूला आमच्या प्रयोगशाळेचा सूचनांचा कागद चिकटवलेला होता. तो कागद मी लिहिला होता. इंग्रजीत. मॅडम म्हणाल्या होत्या मराठीत लिहा, आणि मी म्हटलं होतं, डॉक्टरच वाचणार की, मराठी कशाला? खरं सांगायचं तर मला माझं इंग्रजी मिरवायचं होतं. त्यात द्रावणाचं नाव होतं, तापमान होतं, गोठवू नये असं होतं. डबी उघडू नका, हे कुठेच नव्हतं. डॉक्टरांनी वाचायचा तो कागद मांडीवर घेऊन एक बाप लातूरहून चार तास एसटीत बसून आला होता.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. इतकी वर्षं फॉर्मलिन हुंगून माझं नाक कामातून गेलंय. आमच्या खोलीला दिवसभर तोच वास असतो. त्यांनी सांगितलं नसतं तर मला काही कळलं नसतं. मी नेहमीसारखी अर्धा तास धुऊन तुकडा गोठवला असता. काचा काळ्या निघाल्या असत्या, मॅडमनी 'तुकडा तपासणीयोग्य नाही' असं लिहिलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीला ते औषध सुरू झालं असतं. खरं सांगणारा माणूस बाहेर बाकावर अपराध्यासारखा बसला होता, आणि त्याला तिथे मी बसवलं होतं.

चार वाजता तुकडा गोठवला. काप सुरेख निघाले, एवढा एक आनंद. काचांवर थेंब टाकले आणि त्या काचा एका स्टीलच्या जेवणाच्या डब्यात, ओल्या कापसाशेजारी, झाकण लावून ठेवल्या. याला महागडी पेटी मिळते, पण माझा हा जुना डबा कधी दगा देत नाही. अर्ध्या तासाने काचा धुऊन मॅडमना हाक मारली आणि अंधाऱ्या खोलीचं दार लावून घेतलं.

पहिली काच. गाळणीच्या जागी काळं.

"नासला," मी म्हटलं. मला रडू येत होतं. काचेतून दिसलेला तो बाक डोळ्यांपुढून जाईना.

मॅडमनी काच हळूहळू बाजूला सरकवली. गाळण्या मागे पडल्या, लघवी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या समोर आल्या. आणि त्यातल्या दोन नळ्यांमध्ये साचलेला गाळ लख्ख हिरवा पेटलेला होता.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "नळीतल्या या गाळात हे प्रथिन असायचंच, आजार कोणताही असो. ते पेटलंय. म्हणजे तुकडा शाबूत आहे. म्हणजे गाळणीत जे काळं दिसलं ते खरंच काळं आहे. पुढची काच लावा."

पुढची एक मंद पेटली. त्याच्या पुढची एक अगदी काळी. आणि मग ज्या काचेची आम्ही वाट बघत होतो ती लावली. गाळणीभर हिरवे टपोरे ठिपके विखुरलेले, काही मोठे, काही बारीक, दाटीवाटीने. पुस्तकात या चित्राला ताऱ्यांनी भरलेलं आभाळ म्हणतात. मला पुस्तकातली अशी नावं एरवी आवडत नाहीत, पण त्या दिवशी मी तोंडाला पदर लावून ते आभाळ बघत राहिले. ल्युपस असता तर बहुतेक सगळ्याच काचा पेटल्या असत्या. इथे एक लख्ख, एक मंद, बाकी काळ्या. जंतूच्या मागून येणाऱ्या आजाराचं हे चित्र.

"लगेच नाचू नका," मॅडम म्हणाल्या. "उद्या दुसरा तुकडाही बघू दे." पण त्यांनी लातूरला फोन लावला आणि डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला: महिन्याभरात मुलीला अंगावर काही पुरळ, गळू, घसादुखी असं काही? डॉक्टर वॉर्डात गेले. मुलीला मांडीवर मोठं गळू झालं होतं. लाज वाटली म्हणून आईशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, तिच्याकडून हळदीचा लेप लावून घेतला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीच्या रंगातला तुकडाही त्याच्याशी जुळला. संध्याकाळी औषध सुरू झालं नाही.

वडिलांना मात्र त्या दिवशी मी काही सांगितलं नाही. रिपोर्टच्या आधी नातेवाइकांना काही सांगायचं नाही, असा आमचा नियम आहे. "दिसलंय, डॉक्टर सांगतील," एवढंच म्हटलं. त्यांनी हात जोडले आणि रिकामा डबा घेऊन बसस्टँडकडे गेले. माफी मागायला कोणताही नियम आड येत नव्हता. ती मी मागितली नाही. आमच्या घरात ती पद्धत कधी नव्हतीच.

पुढच्या आठवड्यात कागद मराठीत लिहिला. मोठ्या अक्षरात. 'डबी उघडू नका. एकीला वास येतो, एकीला येत नाही, दोन्ही बरोबर आहेत. चुकून उघडली तर घाबरू नका, पण आम्हाला जरूर सांगा.' शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मी बराच वेळ पेन हातात धरून बसले होते.

दोन महिन्यांनी एक सडसडीत मुलगी खिडकीशी आली. "मी ती लातूरची," म्हणाली. नातेवाइकाच्या लग्नाला नांदेडला आली होती. क्रिएटिनिन उतरलं, सूज गेली, कॉलेज पुन्हा सुरू झालं. गोळ्या थोड्याच, मीठ मात्र अजून कमी. डॉक्टर म्हणाले होते, तुझा रिपोर्ट नांदेडमध्ये झाला, म्हणून तिला ही जागा बघायची होती.

"वडील कुठायत?" मी विचारलं.

"आप्पा गेटवर उभे हायत. आत या म्हटलं तर म्हणतात, माझं तिथं काय काम न्हाई."

मी काम टाकून बाहेर गेले. उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी ते उभे होते. मला बघून त्यांनी सदरा सारखा केला, जणू आता पुन्हा बोलणी खायचीत.

"भाऊ," मी म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी डबीचं सांगितलं नसतं, तर मी ती नीट धुतली नसती. काहीच दिसलं नसतं, आणि हिला भलतंच औषध सुरू झालं असतं. तुम्ही खरं सांगितलंत म्हणून हिचा आजार कळला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मंजी ओतलं ते बरंच झालं म्हणा?"

"अजिबात नाही! ओतलं ते चुकलंच! सांगितलंत ते बरं झालं!" माझा आवाज पुन्हा चढला. रसवाला चरक थांबवून बघायला लागला.

"काय ओतलं, आप्पा?" मुलगी म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. आता मी त्यांचं गुपित भर रस्त्यात फोडलं होतं. ते जमिनीकडे बघत बोलले. अहमदपूर, डबी, निम्मं निम्मं, सगळं. मुलगी ऐकत होती. तिचे डोळे भरले.

"आन् मी समजायले व्हते," ती म्हणाली, "की मी बरी झाले त्याचा आप्पांना आनंदच न्हाई. समदे पेढे वाटायले, आन् तुमी दुकानात जाऊन बसले. मला वाटलं, मी पोरगी म्हणून..."

"न्हाई गं माय!" ते एवढंच म्हणाले.

मी तिथे उभी होते आणि मला कुठे बघावं कळेना. "भाऊ," मी म्हटलं, "मी त्या दिवशी लई ओरडले तुमच्यावर. चुकलं माझं." आयुष्यात पहिल्यांदा हे शब्द तोंडातून निघाले आणि वाटलं होतं तेवढे जड गेले नाहीत.

त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं.

"ताई, तुमी वरडले म्हणून तर मी तिथं बसून राहिलो," ते म्हणाले. "इतके दिस समदे मला निस्तं 'बघू, बघू' म्हणायले व्हते. कुनी डोळ्याला डोळा देईना. मला वाटायलं, हिला समद्यांनी सोडून दिलं. तुमी माझ्यावर तसं वरडले, तवा मला कळलं की माझी पोरगी अजून वाचायसारखी हाय."